मंत्र, शकुन आणि तंत्र यांवरील जुने ग्रंथ: नव्या वाचकाने कोणत्या क्रमाने आणि कसे वाचावेत

मंत्र, शकुन, यातुविद्या (जादूटोण्याची विद्या) आणि तंत्र या विषयांवरील आपले जुने ग्रंथ एकेकटे वाचले तर नीट कळत नाहीत, कारण त्यांतला जवळजवळ प्रत्येक ग्रंथ दुसऱ्या कशाच्या तरी जोडीने वापरला जात असे. मंत्र एका पोथीत असतो आणि तो कधी, कोणत्या वस्तू घेऊन म्हणायचा हे दुसऱ्या पोथीत. श्लोक एका शतकातला असतो आणि त्यातील मापांचा अर्थ सांगणारी टीका चार शतकांनंतरची. काही ग्रंथांचा उरलेला अर्धा भाग तर गुरूच्या तोंडीच राहिलेला असतो. नवा वाचक बहुधा मधलेच एखादे पान उघडतो, त्यातला एखादा विचित्र प्रयोग वाचतो आणि भारावून तरी जातो किंवा पुस्तक मिटून तरी टाकतो. या दोन्ही गोष्टी टाळून ज्याला हे वाङ्मय समजून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी पुढील क्रम सुचवीत आहे. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न हाताशी ठेवावा: या ग्रंथाची जोड कोणती आणि ती कोठे मिळेल?

पहिली पायरी: विषयाची चौकट समजून घ्यावी

मूळ ग्रंथाला हात घालण्यापूर्वी महिनाभर केवळ कोशवाङ्मय वाचावे. मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. त्यातील यातुविद्या, शकुन, तंत्र, फलज्योतिष यांसारख्या विषयांवरील नोंदी शांतपणे वाचाव्यात. महादेवशास्त्री जोशी यांनी संपादित केलेल्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत असतात आणि लोकाचारांची माहिती त्यांत विपुल आहे. इंग्रजी वाचणाऱ्यांनी पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड पाहावा. मुहूर्त, शांती आणि तंत्र या तिन्ही विषयांची मूळ वचने त्यांनी ज्या काटेकोरपणे मांडली आहेत, तसे काम त्यानंतर क्वचितच झाले आहे.

ज्योतिषाच्या बाजूने येणाऱ्या वाचकाने शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ साली प्रसिद्ध झालेला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीतच वाचावा. गणित, होरा (जन्मकुंडलीवरून फळ सांगणे) आणि संहिता हे ज्योतिषाचे तीन स्कंध, म्हणजे विभाग, त्यातून स्पष्ट होतात. शकुन, उत्पात, भूगर्भातील पाणी, रत्नपरीक्षा हे विषय जन्मकुंडलीच्या ग्रंथांत नसून संहितास्कंधात येतात, हे एकदा कळले की पुढची बरीच शोधाशोध टळते.

दुसरी पायरी: मुखपृष्ठ आणि अखेरचे पान तपासावे

या विषयातील पुस्तके आपले वय वाढवून सांगतात. ‘अतिप्राचीन’, ‘शिवप्रोक्त’, ‘हस्तलिखितावरून प्रथमच’ अशी विशेषणे मुखपृष्ठावर असली तरी संपादक, मुद्रणालय आणि वर्ष या तीन गोष्टी आधी वहीत उतरवून घ्याव्यात. पोथीच्या अखेरीस शक दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवावेत. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांचा उल्लेख असेल तर ७९ मिळवावेत. शिव-पार्वतीच्या संवादाच्या रूपात असलेले महानिर्वाणतंत्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचले गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्योतिषातील उपायांसाठी प्रसिद्ध असलेले लाल किताब १९३९ ते १९५२ या काळात पंजाबात उर्दूतून भागाभागांनी छापले गेले. परदेशातही हेच दिसते: आज भविष्य सांगण्यासाठी वापरली जाणारी टॅरोची पाने पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाली आणि ती प्राचीन इजिप्तमधून आल्याचा दावा १७८१ साली फ्रान्समध्ये प्रथम छापला गेला. ग्रंथ अर्वाचीन ठरला म्हणून त्याचे मोल कमी होत नाही, परंतु त्याला कोणत्या काळाचा पुरावा म्हणून वापरायचे ते त्यामुळे ठरते.

याच वेळी ग्रंथाबरोबर टीका छापलेली आहे की नाही तेही पाहावे. मूळ श्लोक आणि त्याखाली आधुनिक भाषांतर एवढेच असलेली प्रत स्वस्त पडते, पण दोन प्रती समोर असतील आणि त्यांपैकी एकीत जुनी संस्कृत टीका असेल, तर संस्कृत येत नसले तरी तीच घ्यावी. अडलेला एखादा शब्द जाणकाराला दाखवायचा झाला तर टीका हाताशी असणे आवश्यक असते.

तिसरी पायरी: अथर्ववेद आणि त्याचे कौशिकसूत्र

या वाङ्मयाचे खरे दार अथर्ववेद आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याच्या शौनक नावाच्या पाठपरंपरेच्या संहितेत, म्हणजे मंत्रसंग्रहात, वीस कांडे आणि सुमारे ७३० सूक्ते आहेत. शंकर पांडुरंग पंडित यांनी सायणभाष्यासह सिद्ध केलेली आवृत्ती १८९५ ते १८९८ या काळात मुंबईत प्रसिद्ध झाली, आणि मराठी भाषांतर सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी केलेले आहे. पहिल्या पानापासून सलग वाचत जाण्याचा आग्रह मात्र धरू नये. आरंभीच्या कांडांची मांडणी विषयवार नसून ऋचांच्या संख्येनुसार आहे; पहिल्या कांडात साधारणपणे चार ऋचांची सूक्ते, दुसऱ्यात पाच ऋचांची, तिसऱ्यात सहा, असा तो क्रम चालतो. त्यामुळे तापावरचे सूक्त, शत्रूवरचे सूक्त आणि राजाच्या अभिषेकाचे सूक्त शेजारी शेजारी येतात आणि नवा वाचक गोंधळतो. पहिल्या सात कांडांतील सूक्ते निवडून रोगनिवारण, दीर्घायुष्य, समृद्धी, घरातील ऐक्य, प्रेम, अभिचार (शत्रूला अपाय करणारे विधी) आणि राजकर्मे अशा गटांत आपल्या वहीत मांडावीत. विसाव्या कांडाचा बराचसा भाग ऋग्वेदातून आलेला आहे. तो नंतर पाहिला तरी चालेल.

पहिल्या कांडातील बाविसावे सूक्त उदाहरणादाखल घ्यावे. ते काविळीवरचे आहे. त्यात रोग्याचा पिवळेपणा पोपटांमध्ये, रोपणाका नावाच्या पक्ष्यांमध्ये आणि हारिद्रव पक्ष्यांमध्ये ठेवतो असे म्हटले आहे, आणि त्याला तांबड्या गाईंच्या रंगाने वेढण्याची भाषा आहे. एवढेच वाचले तर ही एक सुंदर कविता वाटते. आता कौशिकसूत्र, म्हणजे या वेदातील मंत्र कोणत्या विधीत कसे वापरायचे ते सांगणारा ग्रंथ, उघडावे. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी दारिल आणि केशव या टीकाकारांच्या उताऱ्यांसह ते १८९० साली प्रसिद्ध केले. त्यातील विनियोगानुसार, म्हणजे मंत्राच्या विधीतील वापरानुसार, रोग्याला तांबड्या बैलाचे केस टाकलेले पाणी पाजायचे, बैलाच्याच कातड्यावर बसवायचे, हळदीच्या भाताने डोक्यापासून पायापर्यंत माखायचे, बाजेवर निजवून बाजेखाली पिवळे पक्षी बांधायचे आणि त्याला अशा रीतीने न्हाऊ घालायचे की अंगावरचा पिवळा लेप धुतला जाऊन पक्ष्यांवर पडेल. सूक्तातील प्रत्येक शब्द येथे हातांनी करावयाची क्रिया होतो. जगभरच्या यातुविद्येत आढळणारे सारख्याने सारख्याला काढण्याचे तत्त्व इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते, आणि ते दिसण्यासाठी दोन्ही पुस्तके शेजारी उघडी असावी लागतात. काविळीच्या रोग्याला डॉक्टरांकडेच न्यायचे असते, याविषयी मात्र कोणताही संदेह ठेवू नये.

या पायरीला घाई करू नये. याच रीतीने दहा-बारा सूक्ते विनियोगासह वाचली की अभिचाराची सूक्ते वाचतानाही भय किंवा उत्सुकतेचा अतिरेक होत नाही, आणि तिसऱ्या कांडातील तिसाव्या, घरातील माणसांची मने एकत्र आणणाऱ्या सूक्ताकडेही त्याच परंपरेचा भाग म्हणून पाहता येते. मारण आणि सलोखा हे दोन्ही विषय एकाच वेदात, एकाच प्रकारच्या विधींनी हाताळलेले आहेत. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण काळी आणि पांढरी विद्या अशी जी सोपी वाटणी आज केली जाते ती या ग्रंथांना ठाऊक नाही.

चौथी पायरी: बृहत्संहिता, भट्टोत्पलाच्या टीकेसह

सहाव्या शतकातील वराहमिहिराची बृहत्संहिता हा शकुन आणि निमित्ते यांचा सर्वांत व्यवस्थित ग्रंथ आहे. ग्रहांचे चार (म्हणजे गती), पर्जन्याचे गर्भ (पुढच्या पावसाची पूर्वचिन्हे), भूकंप, उल्का, वास्तू, मूर्ती, रत्ने, सुगंधी द्रव्ये, पशुपक्ष्यांचे शकुन असा त्याचा पसारा आहे. ग्रंथकाराने आरंभीच चांगल्या दैवज्ञाची जी लक्षणे सांगितली आहेत, ती वाचूनच पुढे जावे.

सुरुवात मात्र मी दकार्गल या अध्यायापासून करायला सांगेन. काही आवृत्त्यांत त्याचा क्रमांक ५३ आहे, काहींत ५४. म्हणून या ग्रंथातील संदर्भ टिपताना अध्यायाच्या क्रमांकाबरोबर नावही लिहावे. जमिनीखालचे पाणी कोठे लागेल याच्या खुणा या अध्यायात आहेत. निर्जल प्रदेशात वेतस वृक्ष असेल तर त्याच्या पश्चिमेला तीन हातांवर, दीड पुरुष खोलीवर पाणी लागते. खणताना अर्ध्या पुरुषावर फिकट पांढरा बेडूक दिसतो, नंतर पिवळी माती, मग पापुद्र्यांचा दगड आणि त्याखाली पाणी. आता दीड पुरुष म्हणजे किती? श्लोकात उत्तर नाही. दहाव्या शतकातील टीकाकार भट्टोत्पल सांगतो की हात वर करून उभा राहिलेला माणूस येथे अभिप्रेत असून त्याचे माप १२० अंगुळे आहे. म्हणजे पाच हात, साधारण साडेसात फूट. आणि पाणी सुमारे अकरा फुटांवर. टीकेशिवाय वाचणारा हे माप आपल्या उंचीवरून काढील आणि चुकेल.

भट्टोत्पलाचे आणखी एक उपकार असे की गर्ग, पराशर, कश्यप अशा जुन्या आचार्यांची पुष्कळ वचने त्याने उद्धृत केली आहेत, आणि त्यांतील अनेकांचे ग्रंथ आज स्वतंत्रपणे उपलब्ध नाहीत. पक्षिशकुनांत अधिक खोल जायचे असल्यास पुढे वसंतराजाचा शकुनग्रंथ घ्यावा. मुंबईच्या श्रीवेंकटेश्वर मुद्रणालयाने तो अकबराच्या दरबाराशी संबंध असलेल्या भानुचंद्र या जैन मुनींच्या टीकेसह छापला होता.

पाचवी पायरी: घरातील पंचांग आणि रमल

बहुतेक मराठी घरांत या वाङ्मयाचा एक नमुना भिंतीवर किंवा देवघरात असतोच. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे वाचायला शिकावीत आणि मग मागच्या पानांकडे वळावे. अंगावर पाल पडल्यास कोणत्या अवयवाचे काय फळ, हे सांगणारे पल्लीपतनाचे कोष्टक अनेक पंचांगांत अजून छापले जाते. पंचांगाची जोड म्हणजे त्यामागचा करणग्रंथ, म्हणजे ग्रहगणिताच्या रीती देणारा ग्रंथ. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास रचलेल्या ग्रहलाघवावरून आपल्याकडची पंचांगे शेकडो वर्षे तयार होत होती. गणिताचा हा भाग पडताळता येतो, फळाचा भाग वेगळा आहे, आणि वाचकाने या दोहोंमधली रेघ स्वतः आखून घ्यावी.

रमलशास्त्र, म्हणजे बिंदूंच्या आकृत्यांवरून भविष्य सांगण्याची विद्या, अरबी परंपरेतून आपल्याकडे आले. चार ओळी, प्रत्येक ओळीत एक किंवा दोन बिंदू, म्हणून एकूण १६ आकृत्या. एवढे कळले तरी रमलाचे कोणतेही पुस्तक उघडण्याइतकी तयारी होते.

सहावी पायरी: तंत्रग्रंथ

येथे वेग आणखी कमी करावा. तंत्र म्हणजे करणी, ही समजूत बाजारातील इंद्रजालछाप पुस्तकांनी रुजवली आहे. शांती, वशीकरण, स्तंभन (थोपवून धरणे), विद्वेषण (वैर पाडणे), उच्चाटन (हुसकावून लावणे) आणि मारण ही षट्कर्मे तंत्रग्रंथांत येतात हे खरे, परंतु तंत्राचा गाभा दीक्षा, उपासना आणि देहातील शक्तीचे चिंतन हा आहे. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात लिहिलेल्या तंत्रालोकात ३७ आह्निके (अध्याय) आहेत आणि तेराव्या शतकातील जयरथाच्या टीकेवाचून ते उकलत नाही. नवख्याने आधी त्याच लेखकाचे संक्षिप्त तंत्रसार वाचावे.

मराठी वाचकाला एक मोठी सोय आहे, ती म्हणजे ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय. कुंडलिनीच्या जागृतीचे वर्णन ज्ञानदेवांनी १२९० साली ज्या तपशिलाने मराठीत केले आहे, ते त्यांना आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्तिनाथ या परंपरेतून मिळालेले आहे. तंत्रसार वाचताना हा अध्याय शेजारी ठेवावा. संस्कृत परिभाषेचे कोडे पुष्कळ ठिकाणी ओवी सोडवते. नाथपंथाचा इतिहास समजण्यासाठी रा. चिं. ढेरे यांचे लेखन वाचावे.

तंत्रग्रंथ मुद्दाम झाकून लिहिलेले असतात. मंत्रातील अक्षरे सांकेतिक नावांनी येतात, विधीचा क्रम उलटा किंवा तुटक असतो, आणि ‘गुरुमुखातून जाणावे’ असे म्हणून ग्रंथ थांबतो. तो जेथे थांबतो तेथे वाचकानेही थांबावे. गाळलेला भाग कल्पनेने भरून प्रयोग करणे म्हणजे ग्रंथाचाही अनादर आहे. षट्कर्मांच्या पुस्तकांतील धूप, लेप आणि अंजने यांबाबत तर कडक नियम पाळावा: धोत्रा, बचनाग, पारा, हरताळ ही द्रव्ये विषारी आहेत. त्यांचा धूर, स्पर्श किंवा सेवन यांचा कोणताही प्रयोग घरी करू नये, मग ग्रंथ कितीही जुना असो.

सातवी पायरी: लोकांच्या नित्य वाचनातील पोथ्या

धुंडीसुत मालू यांचा नवनाथ भक्तिसार शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण झाला. त्याच्या चाळीस अध्यायांत शाबरी विद्या (लोकभाषेतील मंत्रांची विद्या), अस्त्रे, भस्माची फेक, मच्छिंद्रनाथ आणि गोरक्षनाथ यांच्या कथा आहेत. बाराव्या-तेराव्या शतकातील नाथपंथाचा इतिहास म्हणून तो वाचल्यास निराशा होईल; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी माणसाच्या मनात मंत्रसामर्थ्याची कोणती चित्रे होती ते पाहायचे असल्यास त्याच्याइतका जिवंत ग्रंथ नाही. त्याची जोड म्हणजे पारायण. गावात किंवा ओळखीच्या घरी पारायण चालू असेल तर परवानगी घेऊन एक दिवस ऐकायला बसावे. कोणत्या ओवीला श्रोते सरसावून बसतात हे छापील पानावरून कळत नाही.

आठवी पायरी: पडताळा आणि कायदा

भविष्यकथनाचा दावा वाचला की तो कसा तपासता येईल हे लिहून काढण्याची सवय लावावी. आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली पुण्यात हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले अशा दोन गटांच्या प्रत्येकी १०० कुंडल्या जमवल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातील हे ज्योतिषांना सांगायला लावले. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्यांवर मत दिले. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडवून ५० टक्के मिळाले असते. होराशास्त्राचा कोणताही ग्रंथ वाचताना हा निकाल वहीच्या पहिल्या पानावर असावा.

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. ग्रंथ वाचणे, जमवणे, त्यांवर लिहिणे हा त्याखाली गुन्हा नाही. मात्र एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे, साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणूक करणे या कृत्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. या ग्रंथांचा वाचक म्हणून तुमची ओळख झाली की लोक सल्ला विचारायला येतात. अमक्या बाईची नजर वाईट आहे का, असे कोणी विचारले तर उत्तर देऊ नये, एवढेच नव्हे तर असा आरोप पसरू नये म्हणून स्पष्टपणे बोलावे. चेटकीण ठरवल्या गेलेल्या बायकांनी काय सोसले आहे ते जाणणाऱ्याला येथे गप्प राहण्याचा अधिकार नाही.

नववी पायरी: घरातील बाड

कोकणात आणि देशावर अनेक जुन्या घरांत हस्तलिखित बाडे सापडतात. त्यांत एखाद्या आरतीमागे विंचवाचा मंत्र, त्यामागे गुरांच्या रोगावरचा उतारा, मध्येच उधारीचा हिशेब आणि कोणाच्या तरी जन्माची वेळ असते. छापील ग्रंथांत न मिळणारी सामग्री येथे आहे आणि ती झपाट्याने नष्ट होत आहे. असे बाड मिळाल्यास ते नदीत विसर्जित करू नये आणि त्याला चिकटपट्टी किंवा प्लास्टिकचे आवरण लावू नये. सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, कोरी पानेही न वगळता प्रत्येक पानाचे क्रमाने छायाचित्र घ्यावे. हिशेबाची पाने वगळू नयेत, कारण काळ बहुधा त्यांवरूनच ठरतो. मजकूर मोडी असेल तर वाचणारा शोधावा किंवा लिपी स्वतः शिकावी. काही महिन्यांच्या सरावाने ती येऊ लागते. मूळ बाड जतन करणे जमत नसेल तर पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था किंवा धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांसारख्या हस्तलिखिते सांभाळणाऱ्या संस्थेकडे विचारणा करावी.

बाडाची जोड म्हणजे घरातील सर्वांत वयस्कर माणूस. छायाचित्रे घेऊन झाली की आजी-आजोबांपाशी किंवा गावातल्या एखाद्या जाणत्या काकांपाशी बसावे, एकेक पान वाचून दाखवावे आणि हा मंत्र कोण म्हणत असे, कोणत्या वेळी, हातात काय घेऊन, आणि त्याबद्दल काही घेत असे का, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारीख आणि पानाचा क्रमांक घालून, ध्वनिमुद्रित करावीत आणि त्याच आठवड्यात उतरवून काढावीत.